माझ्या आकड्यावर कोणी किती विश्वास ठेवावा?

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ‘तेजस’ विमानाच्या वैमानिकासाठी हेड-अप डिस्प्ले घडवला. याच परिसरात राहून मी जे संशोधन करतो, त्यात मात्र एकही उपकरण नाही. आयन किंवा अणूंचा पुंजका घनपदार्थावर आदळला की काय होते, हे मी संगणकावर पाहतो. मोजणाऱ्यांच्या शेजारी राहून न मोजता उत्तरे देणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : माझ्या आकड्यावर कोणी किती विश्वास ठेवावा?

एक उदाहरण घेऊ. २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एकटा आर्गॉन आयन सिलिकॉनमध्ये वीसेक नॅनोमीटर खोल शिरतो. तीच ऊर्जा २,००० अणूंच्या पुंजक्याला दिली, तर प्रत्येक अणूच्या वाट्याला अवघे १० इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. पुंजका पृष्ठभागावरच फुटतो, अणू आडवे पसरतात आणि बारीक उंचवटे झिजतात. ‘स्रिम’ ही लोकप्रिय आज्ञावली हे दाखवू शकत नाही. ती एकेका आयनाचा माग घेत दोन-दोन अणूंच्या टकरी मोजते आणि लक्ष्य सपाट, स्फटिकरचनाहीन मानते. पुंजक्यासाठी सर्व अणूंची गती एकत्रच, फेमटोसेकंदाच्या किंवा त्याहूनही लहान पावलांनी, सोडवावी लागते. यात दोष आज्ञावलीचा नसतो. गृहीतक आपणच निवडलेले असते.

गृहीतक मोजमापापुढे कसे नमते, हे चंद्राने दाखवले. सौरवाऱ्यातले प्रोटॉन चंद्रावरची सच्छिद्र धूळ जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, अशी समजूत होती. २००८ मध्ये झेपावलेल्या चांद्रयान-१ वर भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून घडवलेले ‘सारा’ हे उपकरण होते. त्याच्या नोंदींनुसार, एक पंचमांशापर्यंत प्रोटॉन पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन मिळवून उदासीन हायड्रोजनच्या रूपात अवकाशात परततात. समजूत तर्काला धरून होती, तरी ती टिकली नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, प्रत्येक आलेखाखाली मी तीन ओळी लिहितो : अणूंमधले बल कोणते मानले, पृष्ठभाग कसा धरला आणि कोणते मोजमाप आले तर माझे उत्तर खोटे ठरेल. तिसरी ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ती रिकामी राहिली, तर तो आलेख मी कोणालाही दाखवत नाही.