निळ्या डायोडचा ड्रायव्हर

रात्री पुन्हा टॉर्चमधल्या लेझर डायोडसाठी ड्रायव्हर निवडत बसलो. लाल डायोडचं बरं असतं, अडीच-तीन व्होल्टमध्ये भागतं. निळा, ४४५ नॅनोमीटरचा, चार-साडेचार मागतो आणि लिथियमचा सेल ३.७चा. म्हणजे व्होल्टेज चढवणारं बूस्ट सर्किट आलंच. पण फुकट काही वाढत नाही: साडेचार व्होल्टवर एक अँपिअर द्यायचा, तर तोटा धरून उतरत्या सेलमधून दीड अँपिअर ओढला जातो. टॉर्चच्या नळीत यातून होणारी उष्णता जाणार कुठे? नुसतं व्होल्टेज स्थिर ठेवणारं स्वस्त मोड्यूल मला नकोच. डायोड तापला की त्याची व्होल्टेजची गरज घटते, करंट चढतो, डायोड जातो. करंट स्थिर राखणाराच ड्रायव्हर हवा, तोही आधी डमी लोडवर तपासलेला. आणि या तरंगलांबीचा संरक्षक चष्मा डोळ्यांवर नसेल, तर बटण दाबूच नये.