शिक्षकाचा रोल

आमच्या कॉलेजातलं मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यास आणि परीक्षांची प्रणाली, मी सांभाळतो. ऑगस्ट 2024मध्ये त्यातल्या एका दोषाची सूचना आली, तेव्हा प्राचार्यांनी पहिलं विचारलं, "म्हणजे पोरांना पेपर आधीच दिसतो का?" म्हटलं, पेपराचं काय घेऊन बसलात सर, अख्खा सर्व्हर दुसऱ्याच्या हातात जाईल.

दोष होता 'कॅल्क्युलेटेड' प्रश्नात. फिजिक्सच्या मॅडमचा हा लाडका प्रकार. सूत्रात आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या, मग पोरांना वेगवेगळे आकडे येतात आणि शेजाऱ्याचं उत्तर बघून उपयोग नसतो. पण उत्तर काढण्यासाठी शिक्षकाने लिहिलेलं ते सूत्र मूडल चक्क पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड म्हणून चालवतं. मेख इथेच आहे. मध्ये एक चाळणी आहे. साइन, कॉस, वर्गमूळ अशी ठरावीक फंक्शनंच ती पुढे सोडते. संशोधकांनी तिला गणितानेच चकवलं. 2चा व्यस्त कोसाइन मागितला की पीएचपी 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नाही', असं सांगतं. त्या अक्षरांवर एक्सऑर ही बिटांची क्रिया करत करत हवा तो हुकूम जुळवायचा! वाचून मी चाट पडलो. 2018मध्येही याच प्रश्नप्रकारात अशीच पळवाट सापडली होती.

बॅकअप घेऊन मूडलची दुरुस्त आवृत्ती 4.1.12 चढवली, त्यात फार काही नव्हतं. पण या हल्ल्याला प्रश्न तयार करण्याचा अधिकार लागतो, म्हणजे शिक्षकाचा रोल. "आपले प्राध्यापक काय हॅकर आहेत?" एचओडी हसले. मी त्यांच्यासमोर यादी उघडली. तासिका तत्त्वावर येऊन केव्हाच सोडून गेलेले लोक. लॅब असिस्टंट. मार्क भरायला मदत करणारी एमएस्सीची मुलं. शिवाय लॉकडाउनमध्ये घाईघाईत काढलेलं विभागाचं सामायिक खातं. त्याचा पासवर्ड स्टाफरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

ते खातं बंद केल्यावर मात्र चांगलीच वादावादी झाली. इंटर्नलचे मार्क कोण भरणार? मग एमएस्सीच्या मुलांना 'नॉन-एडिटिंग टीचर' केलं. मार्क देता येतात, प्रश्नाला हात लावता येत नाही. मॅडमचा अधिकार ठेवला, त्यांना तो लागतोच.

तासिकावाल्यांची नेमणूक संपली की ऑफिसने कळवायचं असंही ठरलं. कळवत कोणी नाही. मी आपला मानधनाच्या बिलावरून नावं ताडून पाहतो आणि बिलात नाव नसेल त्याचं खातं बंद करतो. मग फोन येतात. येऊ देत.