सतरा किलोची सायकल

लेक अकरावीला गेली तेव्हा मी तिला जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन दिली. आधीची जिन्याखालून चोरीला गेली होती, म्हणून ही रोज तिसऱ्या मजल्यावर चढवायची. महिनाभरात पोरगी म्हणाली, "बाबा, विकून टाका. खांदा धरतो." सायकल गेली की लांबचा क्लासही सुटणार, हे मला दिसत होते.

भंगारवाल्याच्या काट्याला ती टांगली. १७ किलो २०० ग्रॅम! दुकानदार कार्बनची नवी सायकल दाखवू लागला. तेवढ्यात आमचा वर्षाचा किराणा आला असता. लेकीने मग विहाराच्या ओट्यावर सायकल उलटी ठेवली, पाने उसने आणले आणि वजन कुठे दडले आहे ते शोधू लागली. स्टँड, कॅरिअर, लोखंडी मडगार्ड काढले. दीड किलो फुकटात गेले! सगळ्यात जड पुढचा स्प्रिंगचा फोर्क. डांबरी रस्त्याला तो हवा कशाला? साधा ॲल्युमिनियमचा बसवला. लांबी मात्र जुन्याएवढीच घेतली, नाहीतर सायकल पुढे झुकते. आणखी दीड किलो उतरले. मग दर पगाराला एकेक वस्तू: हँडल, सीटची नळी, शेवटी हलके टायर. चाकाच्या कडेचे वजन पुढे न्यायचे आणि फिरवायचेही, म्हणून सिग्नलवरून निघताना फरक कळतो, हे तिने मला समजावले. सातवी शिकलेल्या बापाला ते पटले.

काटा आता १३ किलोच्या जरा पुढे थांबतो. कॉलेजात लावायचे कुलूप तेवढे दीड किलोचे आहे. ते ती दप्तरात नेते.