बर्फांतली शाकंभरी

मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही गेला तरी आपला कुलधर्म बरोबर घेऊन जातो, असें मी शाळेंत मुलांस नेहमीं सांगत असें. पण कुलधर्म म्हणजे नेमकें काय, हें मला सेवानिवृत्तीनंतर, घरापासून हजारों कोस दूर, बर्फाच्या वादळांत अडकून पडल्यावर कळलें. तीच हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

२०१६ सालच्या जानेवारींत मी व आमची मंडळी अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतांतील एडिसन गांवीं चिरंजीवांकडे होतों. त्या भागांत आपल्याकडील घरें पुष्कळ. सांगलीच्या पेठेंत मिळणारा बहुतेक जिन्नस तेथेंही मिळतो. याच प्रांतांत रोझेल गांवीं १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कार्पेंटरबाईंच्या घरीं येऊन राहिल्या होत्या. पुढें फिलाडेल्फियाचे हिवाळे त्या कोंवळ्या मुलीनें कसे काढले असतील, हा विचार तेथील वारा कानांवरून गेला कीं माझ्या मनांत येई.

आमचें कुलदैवत बनशंकरी. पौष शुक्ल अष्टमीपासून तिचें शाकंभरी नवरात्र बसतें आणि पौर्णिमेस मिळतील तितक्या भाज्यांचा नैवेद्य होतो. शंभर वर्षांच्या अवर्षणांत देवीनें आपल्या देहांतून शाकपाला उत्पन्न करून लोकांस जगविलें, ही कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहेच. त्या वर्षीं तिकडे पौर्णिमा शनिवारीं, २३ जानेवारीस आली होती. आदल्या दिवशीं कचेरींतून येतांना भाज्या आणाव्यात, असें आम्हीं चिरंजीवांस बजावून ठेवलें होतें.

शुक्रवारीं सायंकाळीं तो आला तो मिठाचीं दोन पोतीं, विजेऱ्या, दूध, पाव आणि एक रुंद फावडें घेऊन. वादळाची सूचना झाल्यामुळें भाजीच्या दुकानापुढें रांग रस्त्यापर्यंत आली होती, म्हणून तो तेथून तसाच परतला होता. माझा संताप अनावर झाला.

"मीठ आणायला वेळ झाला, देवीच्या भाजीला झाला नाहीं! परदेशीं आलें कीं कुलधर्म सुटतो तो असा," असें मी सुनेच्या व नातवंडांच्या देखत बोललों.

तो एक शब्दही बोलला नाहीं. मीठ वाटेवर पसरण्यासाठीं होतें. मिठाचें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं, हें मीं स्वतः वर्षानुवर्षें शिकविलें होतें. पण रागाच्या भरांत तें ज्ञान माझ्या कामीं आलें नाहीं.

रात्रीं बर्फ सुरू झाला. उत्तरेची थंड हवा आणि अटलांटिक महासागरावरची दमट हवा यांची गांठ पडली म्हणजे त्या किनाऱ्यावर अशीं वादळें होतात, आणि वारा ईशान्येकडून येतो म्हणून त्यांस 'नॉरईस्टर' म्हणतात. सकाळीं पाहतों तों रस्ता, कुंपण, मोटार कांहींच दिसेना. आपल्या पावसाला आवाज असतो. तो आल्याची वर्दी कौलें देतात. हा मात्र गुपचूप येतो आणि दार अडवून बसतो. रेलगाड्या व बसगाड्या पहांटेपासूनच बंद होत्या, आणि शेजारच्या न्यूयॉर्क शहरांत दुपारीं अडीचनंतर खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली.

बाहेर हिरवें पानही उरलें नव्हतें, आणि घरांत शाकंभरीचा नैवेद्य व्हावयाचा होता! सूनबाईनें बर्फपेटी उघडली. तींतून गोठलेले मटार, मेथी, पालक, भेंडी, तोंडलीं निघालीं. टोपलींत बटाटे, गाजर, भोपळा सांपडला. खिडकींतल्या कुंडींत चार काड्या कोथिंबीर होती. नातू मोजूं लागला. कढीलिंबासकट तेरा भरलीं. "आजी, देवी बर्फपेटींत बसली होती," असें तो म्हणाला, तेव्हां दोन दिवसांत प्रथमच सगळीं हंसलीं. नैवेद्य झाला. एरवीं प्रत्येकजण आपल्या वेळेस जेवणारें तें घर त्या दिवशीं एका पंक्तीला बसलें. चिरंजीव मात्र मधूनच उठे, जाड डगला चढवून मागल्या दारानें बाहेर जाई आणि पांढरा होऊन परते. हा खेळ कशासाठीं, असें मला वाटे. पण आदल्या दिवशींच्या बोलण्यानंतर विचारण्यास जीभ रेटेना.

रात्रीं दोनच्या सुमारास दाराच्या आवाजानें मी जागा झालों. खिडकींतून पाहतों तों वाऱ्यांत वांकून चिरंजीव भिंतीलगतचा बर्फ फावड्यानें उपशीत होता. आंत येतांच मीं विचारलें, "अरे, या वेळीं काय चाललें आहे तुझें?"

"अण्णा, तळघरांत घर तापविणारी गॅसची भट्टी आहे. तिच्या धुराची नळी या भिंतींतून बाहेर निघते. तिचें तोंड बुजलें तर विषारी वायु घरांत कोंडतो. त्याला ना रंग, ना वास. धोक्याची घंटा आहे घरांत, पण तिच्यावरच विसंबून तुम्हां सगळ्यांना कसें झोपवूं? तुम्ही निजा."

मी निजलों नाहीं. तो दर दोन तासांनीं उठत होता; मी अंथरुणांत पडून त्याचीं पावलें ऐकत होतों.

रविवारीं लख्ख ऊन पडलें. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत २७.५ इंच बर्फ पडला होता. १८६९ पासूनच्या तेथील नोंदींत इतका कधींच पडला नव्हता. त्याचबरोबर दुसरी बातमी आली. आमच्याच प्रांतांतील पॅसेइक गांवीं एक गृहस्थ मोटारीभोंवतींचा बर्फ उपशीत असतां बायकामुलें आंत ऊब घेत बसलीं होतीं. मोटारीच्या धुराची नळी बर्फानें बुजली होती. आई आणि तिचें तान्हें मूल त्यांत दगावलीं. ती बातमी ऐकून आमची मंडळी नातवाला पोटाशीं धरून कितीतरी वेळ बसली.

मीं चिरंजीवाची क्षमा मागितली नाहीं; बापाला तें सहसा साधत नाहीं. पण दुपारीं पानें मांडलीं तेव्हां त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें त्याच्या आईस म्हटलें, "आधीं त्याला वाढ. यंदाचा कुलधर्म त्यानें पाळला आहे." त्यानें मान खालीं घातली, आणि माझ्या ताटाकडे भाताचें भांडें सारलें.

आम्ही सांगलीस परतलों त्याला आतां वर्षें लोटलीं. शाकंभरी पौर्णिमेस आमच्या मंडईंत भाज्यांचे ढीग लागतात आणि नैवेद्याचें ताट भरून वाहतें. पण त्या वर्षापासून ताटांतल्या भाज्या मोजण्याचें मीं सोडलें आहे.