साठ की चाळीस?

डबक्यात सांडलेल्या पेट्रोलचे रंग आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तवंगाच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून ते रंग. काही नॅनोमीटर जाडीच्या फिल्मवर हाच खेळ क्ष-किरणांनी खेळतात. पृष्ठभागाला चाटून जातील इतके तिरपे किरण सोडायचे, कोन हळूहळू वाढवायचा आणि किती परत येतात ते मोजायचं. आलेख घसरत जातो, पण लाटा मारत मारत. कीसिग नावाच्या जर्मन संशोधकाने 1931 मध्ये या लाटा दाखवल्या. लाटा जितक्या दाटीवाटीने, तितकी फिल्म जाड. सोप्पं!

मग मशीन लर्निंग कशाला? कारण जाडी कळली तरी बाकीचं कळत नाही. डिटेक्टर फक्त तीव्रता मोजतो, फेज हरवते. वर्ग 25 आहे एवढंच सांगितलं, तर मूळ आकडा 5 की उणे 5? उलट दिशा मात्र सोपी. फिल्म ठाऊक असेल तर आलेख काढायची रीत पॅरटने 1954 मध्येच देऊन ठेवलीय. आता आपल्या प्रोग्रामर जमातीला यात काय दिसणार? हजारो काल्पनिक फिल्म बनवा, त्यांचे आलेख काढा आणि नेटवर्कला उलटं शिकवा! ट्युबिंगेनच्या मंडळींनी 2019 मध्ये हेच केलं, वाढत असलेल्या सेंद्रिय फिल्मवर. एकेक आलेख हाताने जुळवत बसायचं काम क्षणात.

पण खरी मेख पुढे आहे. समजा सिलिकॉनवर एक फिल्म आहे, इलेक्ट्रॉन-घनता सिलिकॉनच्या 60 टक्के. दुसरी तेवढ्याच जाडीची, पण 40 टक्के. पहिलीत हवेतून आत शिरताना घनतेची उडी 60ची, पुढची 40ची. दुसरीत आधी 40, मग 60. अगदी लहान कोन सोडले तर दोघींचे आलेख जवळपास सारखेच! आता सरासरी चूक कमी करायला शिकवलेलं साधंसुधं नेटवर्क काय सांगेल? 50. आणि 50 टक्केवाल्या फिल्ममध्ये दोन्ही उड्या समान, म्हणून लाटांच्या दऱ्या सगळ्यात खोल. म्हणजे मोजलेल्या आलेखाशी न जुळणारं उत्तर, तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता.

हल्ली नेटवर्कला आलेखाबरोबर 'घनता या मर्यादेतच शोध' असंही सांगता येतं. मला विचाराल तर 'साठ किंवा चाळीस, तुम्हीच बघा' म्हणणारं मॉडेलही चालेल. मग फिल्म बनवणारीला फोन लावायचा: सिलिकॉनवर नक्की काय चढवलंयस गं?