रेस दिली, पण गाडी ऐकेना!

दोस्तांनो, चला, आज यवतमाळहून दारव्ह्याला जाऊ या. अंतर काही फार नाही, चाळीसेक किलोमीटर. दिवाळी नुकतीच झालीय असं समजा. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. इथं त्याला 'पांढरं सोनं' म्हणतात. मधूनच कापसानं शिगोशीग भरलेली बैलगाडी समोर येते. तिला वाट द्यायची, मग पुढं जायचं.

या भागात तुम्हाला शकुंतला भेटेल. कण्वमुनींची नव्हे हं! ही शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीची ही रेल्वे. इथला कापूस मुंबईला न्यायचा आणि तिथून जहाजानं मँचेस्टरच्या गिरण्यांना पाठवायचा, यासाठी ती होती. गंमत म्हणजे तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बनलं होतं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त, त्यानं गाडी ओढली. मग डिझेल इंजिन आलं. आता मात्र शकुंतला धावत नाही.

वाफेच्या इंजिनाचा वेग ड्रायव्हर कसा वाढवत असे? त्याच्यासमोर एक दांडा असतो, त्याला रेग्युलेटर म्हणतात. दांडा ओढला की आतली झडप उघडते, बॉयलरमधली वाफ सिलिंडरकडे धावते आणि चाकं जोरात फिरू लागतात. आपल्या मोटारीत तेच काम थ्रॉटल करतो. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला, म्हणजे आपल्या भाषेत 'रेस दिली', की इंजिनाच्या तोंडाशी असलेली एक गोल चकती तिरपी होते. जास्त हवा आत शिरते, तिच्या मापानं पेट्रोल मिळतं आणि गाडी पळते.

आता समजा, दारव्ह्याच्या वाटेवर एका चढाला बाबांनी रेस दिली आणि काहीच झालं नाही! इंजिन चालू आहे, पण नुसतं गुरगुरतंय. काय कराल?

सर्वांत आधी जीव, मग गाडी. डावीकडे, रस्त्याच्या अगदी कडेला थांबायचं. चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि चाकाखाली दगड लावायचा. तुम्ही मुलांनी रस्त्यापासून दूर उभं राहायचं.

आता तपास. पायापासून चकतीपर्यंत एक साखळी आहे. तिची कुठली कडी तुटली, ते ओळीनं शोधायचं. पहिली कडी पाय ठेवण्याची जागा. पायपुसणी सरकून पेडलखाली तर अडकली नाही ना? हसू नका, असंही होतं बरं का!

दुसरी कडी केबल. जुन्या गाड्यांत पेडलपासून चकतीपर्यंत तारेची केबल असते. इंजिन बंद ठेवूनच पेडल दाबून बघायचं. ते सैल, लुळं लागलं तर केबल तुटलीय किंवा निसटलीय. फार घट्ट लागलं तर केबल गंजलीय, नाहीतर चकतीवर काजळी साचलीय. आता एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्या मोठ्या माणसानं बॉनेट उघडून पाहायचं. चकतीचा दांडा पूर्ण हलतोय? मग केबल बिचारी निर्दोष! दोष पुढं आहे. धुळीनं एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पेट्रोल नीट पोचत नसेल.

नव्या गाड्यांत केबलच नसते. पाय किती दाबला, हे पेडलमधले दोन सेन्सर मोजतात आणि छोट्या कॉम्प्युटरला कळवतात. त्याच्या हुकमानं एक मोटर चकती फिरवते. सेन्सर दोन का? एक चुकला तर दुसऱ्यावरून ते लक्षात यावं म्हणून. दोघांचं पटलं नाही, तर कॉम्प्युटर समोरचा पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. गाडी भलतीच पळण्यापेक्षा हळू चाललेली बरी, नाही का?

अशा वेळी मेकॅनिक स्कॅनर जोडतो. स्कॅनर एक कोड सांगतो. पण कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं असतं! म्हणून चांगला मेकॅनिक लगेच नवा भाग विकत आणायला लावत नाही. आधी सैल झालेला प्लग, कुरतडलेली वायर, अशक्त बॅटरी तपासतो. काजळी असेल तर स्प्रेनं साफ करतो. कधीकधी दोनशे रुपयांच्या कामासाठी हजारोंचा खर्च होतो, तो असा वाचतो.

पोचलो दारव्ह्याला! इथं शकुंतलेचं मोतीबाग स्टेशन आहे, ते पाहून या. आणि हो, तुमच्या सायकलचा ब्रेक लागेनासा झाला तर हाच तपास करा. आधी मूठ, मग केबल, शेवटी रबर. कुठली कडी निसटली, ते सापडतं का बघा बरं!