कोरी जागा

शाळामास्तराच्या जिभेवर काही वाक्ये इतकी बसलेली असतात, की झोपेतून उठवले तरी तो ती बिनचूक म्हणून दाखवील. माझे असे एक वाक्य आहे : "उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडू नका. येत नसले तरी काहीतरी लिहा." या वाक्याने माझी कित्येक मुले तरली. काहीतरी लिहिले की परीक्षकाला दया येते, अर्धा गुण पडतो, आणि अशा अर्ध्याअर्ध्या गुणांची मोट बांधून पोर पस्तिसाच्या पैलतीराला लागते.

याच वाक्याने कुणी बुडूही शकेल, हे मला २०२५ च्या पावसाळ्यात कळले.

माझी भाची पदवीधर झाली आणि तिने पत्रकार व्हायचे ठरवले. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, याचेच मला आधी नवल वाटले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ च्या जानेवारीत 'दर्पण' काढले, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास. एका रकान्यात इंग्रजी आणि एका रकान्यात मराठी असे ते पत्र चालवताना त्यांना कुणी गुणपत्रक मागितले नव्हते! पण ते दिवस गेले. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली निघाली. तिच्या काही अभ्यासक्रमांचे प्रवेशसुद्धा २०२२ पासून सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामायिक परीक्षेवर होऊ लागले. भाची बसली ती हीच परीक्षा. प्रश्न ७५, वेळ ९० मिनिटे, गुण ३००. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे. संगणकावर एकीपुढे खूण करायची. बरोबर आले तर चार गुण, चुकले तर एक गुण वजा, कोरे सोडले तर शून्य. होणाऱ्या पत्रकाराला या दीड तासात एक वाक्यदेखील लिहावे लागत नाही.

आदल्या रात्री तिचा फोन आला. "मामा, काही सांगता का?"

मी काय सांगितले असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल.

पुढे यादी लागली. तिला हव्या असलेल्या संस्थेचा 'कटऑफ' तिच्या गुणांपेक्षा तीन गुणांनी वर होता. हा कटऑफ ठरवतो कोण, असे मी जरा तावातच विचारले. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबलेले. माझ्या ओळखीची रेघ एकच, पस्तिसाची. ती परीक्षेच्या आधीपासून आखलेली असते. पोहून पलीकडे जाणाऱ्यांची संख्या कितीही असो, ती हलत नाही.

"कुणीच ठरवत नाही, मामा," ती म्हणाली. "गुणांच्या क्रमाने नावे लावतात. जागा असतात तेवढ्या भरतात. शेवटच्या जागेवर जो बसला, त्याचे गुण म्हणजे कटऑफ. प्रत्येक प्रवर्गाच्या जागा वेगळ्या, म्हणून रेघही वेगळी. वरच्यांपैकी कुणी दुसरीकडे गेला, की दुसऱ्या यादीत ती खाली येते."

मला आमच्या नदीचा घाट आठवला. पूर ओसरला की पायरीवर गढूळ पाण्याची एक रेघ राहते. ती कुणी काढलेली नसते, आणि गेल्या वर्षीच्या रेघेवरून यंदाचे पाणी कुठवर येईल ते सांगता येत नाही. तरीही पोरे गेल्या वर्षीचे कटऑफ वहीत उतरवून ठेवतात. बुडायच्या आधी मनाला काहीतरी आधार हवाच ना!

बोलता बोलता ती सहज म्हणाली, "पाच प्रश्न मला मुळीच येत नव्हते. तुमचे वाक्य आठवले, डोळे मिटून खुणा केल्या. पाचही चुकले."

पाच चुका, पाच गुण वजा. त्या जागा कोऱ्या राहिल्या असत्या, तर ती रेघेच्या वर दोन गुणांनी असती. हा हिशेब मला न मांडता कळला. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूरही नव्हता. असता, तर बरे झाले असते.

माझा चेहरा पाहून तीच माझे सांत्वन करू लागली. "अहो, चारांतला एक अंदाज सरासरीने बरोबर यायचा. चार मिळतात, तीन जातात. तुमचे वाक्य हिशेबाने चूक नव्हते. नशीब आडवे आले."

हिशेब बरोबर होता. पण माझे समाधान झाले नाही. ती निघाली होती पत्रकार व्हायला. मी कादंबऱ्या लिहितो. कोऱ्या जागा भरणे हा माझा धंदाच आहे. नायिका रात्री दोन वाजता का रडली, हे मला ठाऊक नसले तरी मी सांगतो, आणि लोक मानतात. पत्रकाराने तसे केले तर एखाद्याची अब्रू जाते. जे माहीत नाही तिथे थांबायचे, हा त्याच्या विद्येचा पहिला धडा. आणि माझ्या भाचीला पहिलीपासून मी नेमका उलटा धडा गिरवायला लावला होता.

दुसऱ्या यादीत रेघ दोन गुणांनी खाली आली. भाची एका गुणाने बाहेर राहिली.

आता ती तालुक्याच्या एका छोट्या दैनिकात उमेदवारी करते आणि पुन्हा त्याच परीक्षेचा अभ्यास करते. तिची पहिली बातमी तिने मला पाठवली. बाजारपेठेतल्या एका दुकानाला लागलेली आग, अवघ्या सहा ओळी. गावात त्या आगीची चार-पाच कारणे चवीने सांगितली जात होती. माझ्याही कानांवर आली होती. तिच्या बातमीचे शेवटचे वाक्य होते : आगीचे कारण रात्री उशिरापर्यंत समजू शकले नाही.

ते वाक्य मी दोनदा वाचले. वर्गात माझे जुने वाक्य मी अजूनही म्हणतो, कारण तिथे चुकीला दंड नाही. पण म्हणताना आता जरा अडखळतो. भाचीचा फोन परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा येईलच. या खेपेला मी तिला एवढेच विचारणार आहे, की जेवलीस का.